आंदणाची म्हैस

वेळ अमावस्येला अख्खं लातूर शेतात जेवायला बसतं. बाजार बंद, रस्ते ओस, एरवी मुंगीला वाट मिळत नाही त्या क्लासेसच्या गल्लीत कुत्रं आडवं पसरलेलं. ज्याला शेत नाही तो दोस्ताच्या शेतात जातो, आणि कुणी बोलावलं नाही म्हणून उपाशी राहिला असा माणूस त्या दिवशी जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. पण निलंग्याच्या पल्याड गुरुबसप्पांच्या शेताची तऱ्हाच न्यारी. तिथं जेवायला येणारे कमी आणि म्हैस बघायला येणारे जास्त. कडब्याच्या कोपीत मांडलेल्या लक्ष्मीपुढं नारळ फुटायच्या आधी चंद्रीच्या कपाळाला कुंकू लागायचं, आणि म्हातारे गुरुबसप्पा तिच्या दाव्याशी उभे राहून भूकंपाची कथा लावायचे.

यंदा तर कहरच होता. त्यांचा धाकटा, शिवलिंग, लातुरात बारावीचे क्लास चालवायचा. तो जीप भरून माणसं घेऊन आला होता. त्याच्या हाताखालचे दोन सर, त्यांच्या बायका आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला. म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे!

"दगूड-मातीची भितं, वर माळवद," गुरुबसप्पा सांगत होते. "गणपती बुडवून लोकं निजली, अन् पहाटंच्याला भुईनं असा दणका दिला खालनं, की गाव बसलंच. मी अन् थोरला हितं शेतात राखणीला. पळत गेलो तर गाव कुठं हाय? गावच न्हाई! नुसती धूळ."

सरांच्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"मंग लई दिवसांनी मिल्ट्रीवाल्यांनी आमचा ढिगारा उपसला. एक दगूड काढला, अन् आत दोन डोळे. जित्ते! तुळई अशी तिरकी पडलेली, तिच्याखाली ही उभी. बसलेली न्हवं हो, उभी! दोर लावून काढली, चार पावलं लटपटली, अन् गेली की सरळ वढ्याला. मिल्ट्रीतला येक धिप्पाड गडी, त्यो बी रडला बगा."

"किती दिवस होती आत?" फिजिक्सच्या सरांनी विचारलं.

गुरुबसप्पांनी आकडा सांगितला. तो दरसाल थोडाथोडा वाढायचा आणि घरातलं कुणी त्यांना अडवायचं नाही, कारण खरा आकडाही ऐकणाऱ्यानं आ वासावा असाच होता.

"अन्नाचा कण न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई," म्हातारा आवाज खाली आणून म्हणाला. "मंग जगवली कुणी? सांगा. तुमच्या सायन्सला इच्यारून सांगा."

सरांनी पायातली चप्पल काढली आणि म्हशीला हात जोडले. भला सुशिक्षित माणूस, पण त्याच्याही अंगावर काटा आलेला दिसत होता. येतोच. त्या म्हशीपुढं उभं राहून ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

एक सोडून. थोरली सून सिंधू कोपीच्या बाजूला चुलीशी बसून आंबील ढवळत होती. सासऱ्यांच्या तोंडून 'पाण्याचा थेंब न्हाई' आलं की तिचा हात थांबायचा. आजही थांबला. शेजारी सगळ्या भाज्या-शेंगा घालून केलेल्या भज्जीचं पातेलं उतरवणाऱ्या बानोनं ते पाहिलं. बानोचा नवरा करीम याचं निलंग्यात पत्र्यांचं दुकान होतं. भूकंप झाला तशी दोघं नवरा-बायको टेम्पोत भाकरी भरून गावात आली होती, आणि ओळख ना पाळख, त्या दिवसापासून या घराची होऊन गेली होती.

"ऐकलंस का गं?" बानो हळूच म्हणाली. "अप्पाची कहाणी हर साल लंबी हून राहिली."

"हूं दे की. त्यांचा तेवढाच इरंगुळा हाय."

"अन् तुजा?"

सिंधूनं आंबील पुन्हा ढवळायला घेतली. जग चंद्रीच्या पाया पडायचं आणि सिंधू तिला वळसा घालून जायची. धार काढायला नवरा, वैरण टाकायला नवरा, नाहीतर लेक. सणाच्या आंबिलीसाठी ताक तेवढं घुसळायची, पण तिच्या दुधाचा घोट सात वर्षांत सिंधूच्या घशाखाली उतरला नव्हता. चहा कोराच प्यायची. लोक म्हणत, लेकाचं दुःख आहे, जाऊ द्या. त्या ढिगाऱ्यात तिची सासू गेली होती आणि चार वर्षांचा बसू गेला होता. म्हैस जगली आणि पोरगं गेलं, एवढं लोकांना दिसत होतं. त्याच्या पलीकडं कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

सिंधूचा नवरा रेवणसिद्ध ज्वारीच्या कडेकडेनं आंबील शिंपून आला आणि पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी. पाहुण्यांनी लाजत लाजत सुरुवात केली आणि मग आडवा हात मारला. आंबील चढली तसे सगळ्यांचे डोळे जड झाले. तरी फोटोवाल्याला जुनं गाव बघायचंच होतं, म्हणून करीम त्या सगळ्यांना घेऊन बाभळीत बुडालेल्या पडक्या गावाकडं गेला, आणि बाभळीच्या सावलीत घरची माणसं उरली.

तेव्हा शिवलिंग खाकरला. वर्गात शिकवून शिकवून त्याला ती सवयच लागली होती. खाकरला की समजायचं, सर आता मुद्द्यावर आले.

"अप्पा, दादा, वैनी, जरा ऐकून घ्या. क्लासची नवी बिल्डिंग झाली. पाडव्याला उद्घाटन हाय. मला चंद्री पाहिजे."

"उद्घाटनाला?" रेवणसिद्धनं विचारलं.

"उद्घाटनाला अन् त्याच्यापुढं बी. खाली दारातच तिला जागा केलीय. दादा, तुला ठाव न्हाई, पोरं लई रडतात रे. चाचणीत मार्क घसरले की दोन दोन दिस जेवत न्हाईत. आईबाप कुठनं कुठनं, लोह्याहून, देगलूरहून आणून सोडतात अन् निघून जातात. त्या पोरांना हिला बघू दे. एवढ्या ढिगाऱ्याखाली मुकं जनावर जगतं, तर बारावी काय चीज हाय! बोर्डावर टॉपरच्या फोटोच्या वर हिचा फोटो लावणार हाय मी."

"टॉपरच्या वर म्हैस!" शिवलिंगची बायको लता फिसकन हसली. ती नांदेडची, शाळेत शिक्षिका, आणि नवऱ्याला टोचायची संधी सोडणारी नव्हे. "पालक म्हणतील, बघा, ह्यांच्या क्लासातनं काय बाहेर पडतंय ते."

"तू गप गं. अप्पा, बोला."

"काय बोलू?" गुरुबसप्पांचा आवाज चढला. "माझी म्हैस शहरात न्यायची? फरशीवर उभी करायची? अरे, ती हितं मातीत उभी हाय म्हणून लोकं येतेत. देवाला काय दुकानात बसवायचं हाय का तुला?"

"खरंय अप्पाचं," रेवणसिद्ध म्हणाला. "म्हातारी झाली ती. दगदग झेपायची न्हाई."

"तुमी दोघं नुसते बोलायलाव," शिवलिंग शांतपणे म्हणाला. "म्हैस तुमची न्हाई अन् माझी बी न्हाई. आंदणाची हाय."

सगळे सिंधूकडं वळले. ते खरं होतं. बसूचा जन्म झाला तेव्हा सिंधूच्या भावानं बिलोलीकडून ती वगार आणली होती, भाच्याच्या दुधाला म्हणून. आणि माहेरानं दिलेल्या जनावराला त्या मुलखात घरचा पुरुष हात लावू शकत नाही. विकायचं असो, द्यायचं असो, बाईनं हो म्हटलं तर हो. एरवी घरात ज्यांचाच शब्द चालतो त्या नवऱ्यांनाही तिथं गप्प बसावं लागतं.

"न्या," सिंधू म्हणाली.

इतकं पटकन म्हणाली की शिवलिंगला कळलंच नाही. "आँ?"

"न्या म्हणलं. पाडव्याला कशाला, आजच न्या."

"सिंधू!" रेवणसिद्ध उठून बसला. गुरुबसप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. शिवलिंगचा चेहरा मात्र असा फुलला की बघत राहावं, आणि त्या आनंदात त्यानं नको ते बोलून टाकलं.

"मंग राजीला बी संगंच नेतो, वैनी. दहावीचा पेपर संपला की आपली बॅच सुरू. आमच्याकडंच राहील. वरच्या मजल्यावर खोली बी काढून ठेवलीय."

"पोरगी न्हाई."

राजश्री, सिंधूची लेक, आतापर्यंत मागं बसून ऐकत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ते तिनं आईला सोडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काहून न्हाई, वैनी?" शिवलिंगनं विचारलं.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"अन् डोक्यावर सलॅब."

नव्या गावात सरकारनं बांधून दिलेलं घर होतं, पक्कं, भूकंपाला दाद न देणारं म्हणून इंजिनियरनं छातीवर हात ठेवून सांगितलेलं. पण सिंधू त्या घरात कधी निजली नव्हती. ऊन असो, गारठा असो, मागं करीमनं उभारून दिलेल्या पत्र्याच्या खोपटात निजायची आणि लेकीला शेजारी घ्यायची. राजश्री सोळाची झाली तरी झोपेत तिच्या हाताला सिंधूचा हात असायचा.

"वैनी, मी तिला माझ्या खोलीत घेऊन झोपते," लता म्हणाली. तिचं हसू कधीच मावळलं होतं. "वाटल्यास आम्ही खालच्या मजल्यावर जातो. मला मुलगी नाही. मी काळजी घेईन हो तिची."

"सिंधू, पोरीचं नुकसान नको," रेवणसिद्ध म्हणाला. मघा भावाच्या विरुद्ध बोलणारा गडी आता भावाच्या बाजूला जाऊन बसला होता.

"माझं बी तेच म्हणणं हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "पोरगी जाऊ दे, म्हैस ऱ्हाऊ दे."

"पोरगी जाणार न्हाई," सिंधू म्हणाली. "माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल. दहावी झाली, बास झालं."

राजश्री उठली.

"म्हैस देतीस अन् मला देत न्हाईस. काहून ते मी सांगू का? तिला तू सात वर्षांत हात लावला न्हाईस. ती जगली म्हणून तिचा राग हाय तुला. अन् मी जगले म्हणून मला कोंडून ठेवायलीस. आई, बसू माझा बी भाऊ हुता. मी बी रडते. पण मी किती दिवस त्या खोपटात तुझा हात धरून निजू?"

सिंधूच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीनं असं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"बस कर, पोरी," बानो मधे पडली. "तुला काय ठाव! राग म्हणती! सिंधू, आता बोल. लई झालं. तू न्हाई बोललीस तर मी बोलते, अल्ला की कसम."

"नको, बानो."

"तर मंग तूच बोल."

सिंधूनं पदरानं तोंड पुसलं. ती सासऱ्यांसमोर कधी मान वर करून बोलत नसे. आज तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"अप्पा, तुमी लोकांना सांगता, पाण्याचा थेंब न्हाई. तसं न्हाई, अप्पा. तिला पाणी मिळत हुतं. मी घालत हुते."

कुणाला काही उमगेना.

"त्या राती मी अन् राजी अंगणात निजलो हुतो, म्हणून वाचलो. बसू आजीच्या, अव्वाच्या कुशीत, आत, गोठ्याच्या पलीकडल्या खोलीत. समदं पडलं. अन् दुसऱ्या दिशी मी ढिगाऱ्यावर बसले हुते, तर एका फटीतनं आवाज आला. बारीक. कण्हल्यावानी. मी म्हणलं, बसू हाय. दुसरं काय म्हणणार मी? मी हाक मारली, 'बसू!' तर आतून आवाज. गप बसले की आवाज बी गप. पुन्हा हाक मारली की पुन्हा आवाज. माझा लेक ओ द्यायलाय, असं वाटलं मला."

"मला का न्हाई सांगितलंस?" रेवणसिद्धचा आवाज फाटला.

"सांगितलं की. तुमाला सांगितलं, अप्पाला सांगितलं. तुमी म्हणलात, डोस्कं फिरलंय हिचं, हिला कुणीतरी तिथनं उठवा. मी बोल लावत न्हाई. गाव प्रेतं वेचत हुतं, कोण कुणाचं ऐकणार?"

रेवणसिद्धला आठवलं असावं. त्यानं मान खाली घातली.

"मी ऐकलं हुतं," बानो म्हणाली. "मला बी लेकराचाच आवाज वाटला. करीमच्या टेम्पोतला पत्र्याचा तुकडा वाकवून मी हिला पन्हळ करून दिली. ती फटीत घालून ही पाणी सोडायची. टँकरचं पाणी वाट्याला किती यायचं? घोटभर. ते आपण नै पिली ही. तिथं ओतायची. दुधाच्या रांगेत उभी राहायची, पावडरचं दूध वाटायचे लेकरांना. वाटणारी बाई विचारायची, लेकरू कुठंय तुमचं? ही म्हणायची, घरात हाय."

लताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

"रोज," सिंधू म्हणाली. "सकाळ-सांज. 'बसू, पी रे. पी रे माझ्या राजा.' आतून आवाज यायचा. मग मिल्ट्रीवाल्यांनी तो आवाज ऐकला अन् उपसायला घेतलं. मी सगळ्यांच्या म्होरं उभी हुते. दगूड निघाला अन् आत ही. फटीच्या बरुबर खाली गव्हाण. गव्हाणीत पाणी साचलेलं, दगडाला दुधाचा पांढरा थर. हिच्या तोंडाला दूध लागलेलं. लोकांनी टाळ्या वाजिवल्या. अन् बसू पलीकडं सापडला. डॉक्टर म्हणला, पैल्या दणक्यालाच गेलंय पोर."

ती थांबली. मग लेकीकडं वळली.

"ती जगली म्हणून राग न्हाई गं, राजी. तिनं ओ दिली म्हणून हाय. बसूच्या नावानं मी हाक मारली अन् तिनं ओ दिली."

सात वर्षं हे सगळे एका छपराखाली जेवले होते, आणि चमत्कार चमत्कार म्हणून गावोगावच्या लोकांना हात जोडायला लावले होते. आणि तो कसा घडला हे जिला ठाऊक, ती रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढत होती. शिवलिंगला बोर्डावरचा फोटो आठवला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. गुरुबसप्पा तर नुसते सुनेकडं बघत होते, पहिल्यांदा बघितल्यासारखे.

राजश्री आईपाशी येऊन बसली.

"म्हणजे आई, तू जगवलंस तिला."

"मी बसूला पाजत हुते."

"हाव. पण जगली ती तुझ्यामुळं. आज्जा समद्यांना इच्यारतो, कुणी जगवली, कुणी जगवली, अन् तू तिथंच चुलीपाशी आंबील ढवळत बसलेली असतीस. माय गं!"

सिंधू उठली. काय मनात आलं तिच्या, देव जाणे. ती बांधाला बांधलेल्या चंद्रीकडं निघाली, आणि या वेळी तिनं वळसा घातला नाही. म्हैस रवंथ करत उभी होती, कपाळावर पांढरा ठिपका, त्यावर दिवसभराच्या कुंकवाचा थर. तिच्या पुढ्यात जाऊन सिंधू थांबली. मग अगदी हळू, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल अशी, म्हणाली,

"बसू... पी रे."

चंद्रीचं रवंथ थांबलं. दोन्ही कान पुढं आले. आणि तिच्या पोटातून आवाज निघाला. ते हंबरणं नव्हतं. बारीक, लांब, कण्हल्यासारखा, बंद तोंडातून येणारा आवाज.

"अल्ला!" बानोनं छातीवर हात ठेवला. "तोच. तोच हाय गं!"

रेवणसिद्ध सात वर्षं त्या म्हशीची धार काढत होता. त्यानं तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. तो उभा राहिला तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या हातावरचे केस ताठ झालेले लताला दिसत होते.

"बसू," सिंधूनं पुन्हा म्हटलं, आणि म्हशीनं पुन्हा ओ दिली. मान लांब करून, दाव्याला ताण देऊन तिनं सिंधूच्या तळहाताशी तोंड आणलं आणि तिथं हुंगत राहिली. सिंधू तिथंच मातीत बसली आणि तिनं चंद्रीचं ते ओलं, ऊन ऊन तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तुला तरी कोण हुतं गं आत," ती म्हणाली. "माझाच आवाज तेवढा. हाय न? माझाच तेवढा." आणि मग ती रडली. सात वर्षं लोकांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून लोक तिला दगड म्हणत. आता तिला आवरायला कुणी गेलं नाही. राग निघून गेला असं नव्हे, पण त्या रागाखाली काय होतं ते आज तिचं तिलाच दिसलं. ढिगाऱ्याखालून तिला कुणीतरी ओ दिली होती, आणि त्या ओवरच तीही तेवढे दिवस जगली होती.

एवढ्यात करीम पाहुण्यांना घेऊन परतला. म्हशीपुढं बसलेली बाई बघून फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला, तर शिवलिंगनं जाऊन त्याच्या भिंगावर सरळ हात ठेवला. फिजिक्सच्या सरांना काही कळेना. ते गुरुबसप्पांना म्हणाले, "आजोबा, ती गोष्ट पुन्हा एकदा सांगा की. मुलांना सांगायला मला नीट लिहून घ्यायचीय."

गुरुबसप्पांनी काठी टेकली आणि उठले.

"सर, मघाशी म्या सांगितली ती चुकीची हाय. मला ठाव नव्हती. तिला पाणी मिळत हुतं. दूध बी मिळत हुतं. ही माझी सून. हिनं आपल्या वाट्याचं पाजलं तिला."

"पण मग चमत्कार...?"

"त्योच सांगायलो, सर," म्हातारा म्हणाला. आणि डोक्यावरचा पटका उतरवून, काठी काखेत धरून, त्यानं सुनेपुढं हात जोडले. त्या घराण्यात सासऱ्यानं सुनेपुढं हात जोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"अप्पा! असं नका करू, पाप लागंल मला," सिंधू धडपडत उठली आणि तिनं डोक्यावर पदर ओढला.

शिवलिंग जवळ आला. खाकरला नाही. "वैनी, चुकलो मी. म्हैस मागत न्हाई आता."

"मागू बी नका, भावजी. ती माझ्यापाशी ऱ्हाईल," सिंधूनं नाक ओढलं. "राजीला न्या."

राजश्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं लताकडं पाहिलं, लतानं मान हलवली.

"खरंच, आई?"

"मला भ्या वाटायलंय," सिंधू म्हणाली. "लई वाटायलंय. ते काय जाणार न्हाई, तू डॉक्टर झालीस तरी जाणार न्हाई. राती मला झोप यायची न्हाई, हे बी सांगून ठेवते. पर तू जा. मी रोज निलंग्याला जाईन. करीमभाईच्या दुकानात फोन हाय."

"रोज? सात कोस?" रेवणसिद्ध म्हणाला.

"रोज. तुमी गप बसा. राजी, फोनवर मला काय जेवलीस, काय शिकलीस, ते सांगू नको. मी हाक मारली की ओ द्यायची. रागात असलीस, अभ्यासात असलीस, कशात बी असलीस तरी. एवढंच पाहिजे मला."

"देईन की, आई."

"तसं न्हाई. आत्ता दे."

राजश्री तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तरी सिंधूनं शेताच्या पार टोकाला पोचेल अशी हाक मारली.

"राजीऽऽ!"

"ओऽऽ, आई!" पोरीनं तेवढ्याच मोठ्यानं ओ दिली.

सिंधूनं डोळे मिटून ती ऐकली, आणि पुन्हा एकदा हाक मारली.